संशोधकाचा शिधा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहसा कुणी फिरकत नाही. शिपाई असतो, तोही व्हरांड्यात गमछा अंथरून आडवा झालेला. बाहेर पारा 44 अंशांवर. अशा एका दुपारी एसवायचा एक मुलगा ब्युरेटसमोर उभा होता. शेजारच्या ओट्यावर बर्नर पेटलेला, त्यामुळे पंखा बंद. शंकुपात्रात त्याने अमोनियाचं बफर टाकलं, नाकाला झोंबलं म्हणून मान वळवली, मग एरिओक्रोम ब्लॅक टीचे दोन थेंब टाकले. पाणी लाल झालं. वरून ईडीटीए थेंबथेंब सोडत तो पात्र हलवत राहिला. लालाचा भरताच्या वांग्याच्या सालीसारखा जांभळा झाला आणि पुढच्या एका थेंबाला स्वच्छ निळा. त्याने वहीत आकडा लिहिला, पात्र धुतलं, पुढची बाटली उघडली.

बाटल्या कोल्ड्रिंकच्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि बॉलपेनने नाव: ‘आबांची विहीर’, ‘गढीजवळची’, ‘शाळेचा बोअर’, ‘नाल्याकाठची, जुनी’. मुलगा शिंदखेडा तालुक्यातला. गावातल्या विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा मोजायचा, एवढाच त्याचा विषय. मी त्याचा मार्गदर्शक, म्हणजे चावी माझ्याकडे होती. मधेच त्याचा फोन वाजला. पलीकडून आई विचारत होती, आणि प्रयोगशाळा इतकी शांत होती की मलाही ऐकू आलं: ‘उन्हायामा बी कालेज ऱ्हास का रे भो?’

उन्हाळ्यातही कॉलेज असतं का? त्या बाईचा प्रश्न रास्त होता. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पदवीच्या वर्गातल्या पोराने सुट्टीत घरी न जाता संशोधन करायचं, ही चाल आली कुठून? आणि ती खानदेशात रुजली कशी, किंवा का रुजली नाही?

आधी शब्दांचं पाहू. ‘संशोधन’ या शब्दाचा आपला अर्थ हिंदीवाल्याला सांगितला तर तो गोंधळतो. त्याच्याकडे संशोधन म्हणजे दुरुस्ती, घटनेचं संशोधन वगैरे. मराठीने शोधून शुद्ध करणं आणि शोधून काढणं ही दोन्ही कामं एकाच शब्दाला लावली. ‘प्रकल्प’ची गंमत वेगळी. जळगाव-धुळ्यात प्रकल्प म्हटलं की आधी धरण डोळ्यासमोर येतं: गिरणा प्रकल्प, हतनूर प्रकल्प. त्यामुळे दरवर्षी जानेवारीत ‘तुम्हाला प्रकल्प द्यायचा आहे’ असं वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मग आम्ही प्रकल्पग्रस्त’ म्हणायचंच. आता सरकारी कागदावर इंटर्नशिपला ‘आंतरवासिता’ हा शब्द आला आहे. बोलायला जड, पण मला तो आवडतो. त्याचा जुना भाऊ म्हणजे अंतेवासी, गुरूच्या घरी राहून शिकणारा. दोन्ही शब्दांत ‘वास’ आहे, म्हणजे राहणं. राहणं आलं की जेवण आलं. या चालीचा मागोवा घेताना मी ज्ञानाच्या मागे निघालो होतो. वाटेत प्रत्येक मुक्कामावर भेटला तो शिधा.

राहता राहिला ‘उन्हाळी’. आमच्याकडचा उन्हाळा अभ्यासाचा नव्हेच. लग्नसराई, पापड-कुरडया, नांगरट, शेणखताच्या गाड्या. आणि पाणी असेल त्याच्याकडे मेअखेरीला पूर्वहंगामी कपाशीची लागवड. सात जूनला मृग लागायच्या आत रान तयार हवं. म्हणजे जेव्हा कॉलेज पोराला सोडतं, नेमकं तेव्हाच घर त्याला धरतं. मे महिन्याची लांब सुट्टी कोर्टाची आणि कॉलेजची, साहेबाच्या सोयीने पडलेली. आपल्याकडे विद्येचा हंगाम म्हणजे चातुर्मास: वाटा बंद, नद्या भरलेल्या, माणूस एका जागी बसलेला. त्याचे दाखलेही आहेत, आणि पहिला दाखला आमच्याच जिल्ह्यात दगडावर कोरलेला आहे.

चाळीसगावहून गौताळ्याच्या जंगलाकडे निघालं की डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं देऊळ लागतं. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली विद्वानांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके 1128 मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला, त्या मठाला दान दिलं. भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड म्हणजे हेच पाटण का, हा वाद चालायचा तेवढा चालो. मला त्या लेखातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. वरचा भाग संस्कृतात, वंश आणि स्तुती यांनी भरलेला. पण दानाचा हिशेब आला आणि लेख एकदम मराठीत उतरला, कारण तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीला उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला. इथं जे मोजलं जाईल ते मठाच्या मापाने मोजायचं. मापाईतला अर्धा वाटा मठाचा, अर्धा मोजणाऱ्याचा. आणि जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे मठाला एक पळी तेल.

पळीभर तेल! सिद्धान्तशिरोमणी वाचणाऱ्या मुलाला रात्री दिवा लागतो आणि भाजीला फोडणी लागते, हे आठशे वर्षांपूर्वी सोइदेवाने गृहीत धरलं होतं. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये ज्याची गणना होते, तो लेख एका गणिताच्या शाळेची खाणावळ कशी चालेल हे सांगतो, ही गोष्ट मराठी माणसाने मिरवावी अशी आहे. आपण मिरवत नाही. पाटणादेवीला सहली जातात, धबधब्याखाली फोटो निघतात.

नंतरच्या शतकांत ही जबाबदारी राजाकडून गावाकडे आणि घराकडे आली. माधुकरी आणि वार. सोमवारी अमक्याकडे, मंगळवारी तमक्याकडे, असे सात घरचे वार लावून जेवणारा विद्यार्थी आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत होता. त्यात अपमानही होता, जातीच्या भिंतीही होत्या, ते विसरायचं कारण नाही. ज्याला वार मिळायचे तो बहुधा ब्राह्मणाचाच मुलगा. पेशवे श्रावणात पुण्यात दक्षिणा वाटत, तीही त्यांनाच. 1818 नंतर इंग्रजांनी ती चालू ठेवली, पण हळूहळू तिचं तोंड वळवलं: 1821 साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे ग्रंथांना बक्षिसं आली आणि शेवटी कॉलेजातल्या हुशार पदवीधरांसाठी ‘दक्षिणा फेलो’ ही जागा आली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे, दोघेही दक्षिणा फेलो होते. आज आपण ज्याला फेलोशिप म्हणतो तिचं मराठी मुलखातलं एक मूळ असं श्रावणातल्या दक्षिणेत आहे. जो पैसा विद्वत्तेबद्दल मिळत होता तो अभ्यासाबद्दल मिळू लागला. वरवर फरक लहान दिसतो, पण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे.

धुळ्याची गोष्ट मात्र या रांगेत बसत नाही. तिथला संशोधक कुणाचा फेलो नव्हता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले, काही काळ शिकवलं, ते सोडलं, आणि वाईला सापडलेल्या पत्रांपासून पुढचं सगळं आयुष्य कागद गोळा करण्यात घातलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा, पुढे 22 खंड झाले. राजवाडे गावोगाव फिरत, माळ्यावरची दप्तरं सोडत, हाताने स्वयंपाक करून खात. इंग्रजीत लिहायचं नाही हा हट्ट. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यात वारले, तेव्हा मागे राहिले ते कागदांचे ढिगारे. त्या कागदांसाठी 1927 मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. 1932 पासून मंडळाचं ‘संशोधक’ नियतकालिक निघू लागलं. राजवाड्यांच्या आधीपासून धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव रामदासी वाङ्मयाच्या मागे लागलेले होते. त्यांची सत्कार्योत्तेजक सभा 1893 ची. विद्यापीठ तर सोडाच, साधं कॉलेजही नसलेल्या एका जिल्ह्याच्या गावात अशा दोन संस्था. चाळीसगावहून आत येणाऱ्या आगगाडीच्या एका फाट्यावर धुळं टांगलेलं, पण हस्तलिखितांची वर्दळ पुण्याला लाजवील अशी.

पण राजवाड्यांनी आमच्या डोक्यात एक चित्र ठोकून ठेवलं, आणि त्याचं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. संशोधक म्हणजे उपाशी, एकटा, फाटक्या कोटातला, तापट माणूस. घरदार असलेल्याचं, बहिणीचं लग्न व्हायचं असलेल्याचं, बापाच्या कर्जावर सही करून आलेल्याचं ते काम नव्हे. मोडी वाचायला शिकलेला एक चुणचुणीत मुलगा मला ठाऊक आहे. रुमाल सोडून बाड पुढ्यात घेतलं की त्याचा चेहरा बदलायचा. ‘ळ’ आणि ‘क’ यांतला घोळ तो बघता क्षणी सोडवायचा. त्याला म्हटलं, मे महिनाभर धुळ्यात राहा आणि एक दप्तर वाचून काढ. तो म्हणाला, ‘सर, राजवाडे नाही होता येणार आपल्याला.’ मी गप्प बसलो. एका दप्तरासाठी राजवाडे व्हावं लागत नाही, धुळ्यात एक महिना राहायला खोली लागते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

खोलीचं महत्त्व ओळखलं ते अमळनेरच्या एका गिरणीवाल्याने. श्रीमंत प्रताप शेठ यांची कापडगिरणी, पैसा खानदेशी कापसाचा. त्या पैशातून 1916 मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर निघालं. बोरी नदीकाठच्या त्या गावात देशभरातली पदवीधर मुलं येऊन राहत, शांकर वेदान्त वाचत, कांट वाचत, आणि त्यांना राहायला जागा आणि विद्यावेतन मिळे. कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथले संचालक होते. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही मंडळी तिथली. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक तिथून निघून जगभर जाई. 1923 च्या सुमारास पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण तिथे आला. तत्त्वज्ञानात त्याचं मन फार काळ रमलं नाही. 1924 मध्ये तो गावातल्याच शाळेत मास्तर झाला, तिथल्या छात्रालयात मुलांची पांघरुणं नीट करू लागला आणि 1930 मध्ये सत्याग्रहात गेला. साने गुरुजी तत्त्वज्ञान मंदिराला लाभले नाहीत, पण खानदेशाला लाभले ते त्या मंदिरामुळे. विद्यावेतनाचा हिशेब असाच करायचा असतो. दहा पोरांना द्यावं, त्यातला एक कुठे जाईल ते विचारू नये.

एक मात्र नोंदवायला हवं. तत्त्वज्ञान मंदिरात येणारी मुलं पदवी घेऊन येत. पदवीच्या आत असलेल्या पोराकडे कुणी पाहतच नव्हतं. 1944-45 च्या आसपास जळगावला मूळजी जेठा कॉलेज आणि अमळनेरला प्रताप कॉलेज निघालं, आणि खानदेशातल्या शेतकऱ्याचा मुलगा घरची भाकरी बांधून पदवीला जाऊ लागला. पण त्या कॉलेजांचं काम शिकवण्याचं. आधी मुंबई विद्यापीठ, मग 1949 पासून पुणे. पेपर तिकडून यायचे, निकाल तिकडून यायचा. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा झाली की प्रयोगशाळेला कुलूप.

पदवीपूर्व पोरालाही संशोधनाला लावावं ही कल्पना जगातही फार जुनी नाही. स्पुटनिकने अमेरिकेला धक्का दिला त्यानंतर तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 1958 च्या सुमारास कॉलेजच्या मुलांना संशोधनात घ्यायला पैसे दिले. 1969 मध्ये एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर या बाईंनी ती रीतसर योजनाच केली. आपल्याकडे एनसीईआरटीची विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा 1963 मध्ये दिल्लीपुरती सुरू झाली आणि 1964 मध्ये देशभर गेली. नुसती लेखी परीक्षा नव्हे. मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही मागत. निवडलेल्यांना शिष्यवृत्ती, आणि मे-जूनमध्ये उन्हाळी शाळा. ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ हे शब्द आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्या कानावर तेव्हा पहिल्यांदा पडले असावेत. आणि ‘उन्हाळी’ हे विशेषणही तिथेच चिकटलं: प्राध्यापक मोकळे, वसतिगृहं रिकामी, प्रयोगशाळा बंद, मग त्या वापरा. हिशेब बिनचूक होता. त्यात पोराच्या घरची नांगरट कुठे बसत नव्हती एवढंच.

त्यानंतरची योजना मला सगळ्यांत शहाणी वाटते. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने 1979 मध्ये एमबीबीएसच्या मुलांसाठी अल्पमुदतीची विद्यार्थी-संशोधन योजना काढली. मुलाने आपल्याच कॉलेजातला मार्गदर्शक शोधायचा, विषय मांडायचा, मंजूर झाला तर दोन महिन्यांत काम करून अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाला की पैसे. अलीकडे ही रक्कम 50,000 रुपयांवर गेली आहे. धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1988 चं. तिथल्या मुलाला या योजनेसाठी दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही. विषय त्याच्या वॉर्डातच खाटेवर असतो. साक्री-शिरपूरकडून आलेली रक्तक्षयाची आदिवासी बाई, सिकलसेलचं मूल, फवारणीत विषबाधा झालेला मजूर. खोली होस्टेलची, जेवण मेसचं, आणि शेवटी हातात पैसे. एकच खोड आहे: पैसे अहवालानंतर.

ही खोड लहान नाही. विज्ञानाच्या मुलांसाठी बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने 1995 पासून उन्हाळी फेलोशिप सुरू केली. 2007 पासून दिल्ली आणि अलाहाबादच्या दोन अकादम्याही तिच्यात आल्या. दोन महिने देशातल्या चांगल्या प्रयोगशाळेत राहायचं, विद्यावेतन मिळतं, रेल्वेचं भाडंही मिळतं. मुंबईच्या होमी भाभा केंद्रानेही 2004 मध्ये पदवीच्या मुलांसाठी अशीच एक राष्ट्रीय योजना काढली. कागदावर सगळं उत्तम. आता आमच्याकडून पाहा. अर्ज साधारण हिवाळ्यात करायचा, त्यात आपल्याला काय करायचंय ते थोडक्यात, पण इंग्रजीत लिहायचं. ज्या मुलाने आयुष्यात सगळं पाठ करून लिहिलं, त्याला ‘तुला काय करावंसं वाटतं’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला आणि तोही परक्या भाषेत. माझ्या टेबलाशी बसून एका मुलीने त्या दहा-बारा ओळी सात वेळा लिहिल्या. सातव्या वेळेस पहिल्या वाक्यात तिने केळीच्या करप्याचं नाव घातलं, बापाच्या बागेतल्या. तेव्हा मी म्हटलं, आता पाठव.

तिची निवड झाली. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की विद्यावेतन महिना संपल्यावर, भाडं तिकिटं दाखवल्यावर, आणि निवासाची व्यवस्था उपलब्धतेनुसार. भुसावळहून गाडीत बसायलाच तिला दोघांचे पैसे लागणार होते, कारण वडील सोडायला येणार. अनामत, पहिल्या महिन्याची मेस, शहरातला रिक्षावाला. एप्रिलचा महिना, केळीचा भाव पडलेला. वडील माझ्याकडे आले, टोपी हातात घेऊन बसले, म्हणाले, ‘सर, पोरगी हुशार आहे, ते माहीत आहे आम्हाला. पण आधी खर्च करायचा आणि मग मागायचा, हे आमचं शेतीतच चाललंय.’ ती गेली नाही. आम्ही स्टाफरूममध्ये वर्गणी काढून पाठवू शकलो असतो. ते आम्हाला तीन आठवड्यांनी सुचलं. माझ्या नोकरीतल्या ज्या गोष्टी मला बोचतात त्यांत ही वरची आहे.

15 ऑगस्ट 1990 ला जळगावला स्वतःचं विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू निं. कृ. ठाकरे गणिती होते, म्हणजे भास्कराचार्यांच्या जिल्ह्याला शोभेल अशीच नेमणूक. गिरणेच्या बाजूला, उघड्याबोडक्या टेकड्यांवर, पाणी अडवून झाडं वाढवत ते विद्यापीठ उभं राहिलं. आता पुण्याकडे बघायचं कारण नव्हतं. 2006 च्या सुमारास राज्यभरच्या विद्यापीठांत ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा सुरू झाली. भाषा आणि मानव्यविद्या, वाणिज्य-विधी, शुद्ध विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, औषध-वैद्यक, असे सहा गट आणि त्यात पदवीच्या मुलांचा वेगळा स्तर. जिल्हा, विद्यापीठ, राज्य. पोस्टर लावायचं आणि परीक्षकासमोर उभं राहून बोलायचं. चोपड्याची मुलगी, नवापूरचा मुलगा पहिल्यांदा आपलं काम स्वतःच्या तोंडाने सांगतात, परीक्षक खोडून काढतो, मुलगा अडखळतो, मग उसळून उत्तर देतो. आविष्कारने एवढं जरी केलं असलं तरी ती योजना वसूल झाली, असं माझं मत आहे.

त्याच काळात दुसरा प्रकार सुरू झाला, तोही सांगायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरणशास्त्र सगळ्या पदव्यांना सक्तीचं झालं, आणि दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने प्रकल्प द्यायचा ठरलं. हजारो मुलं, एकच तारीख. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याने ती गरज ओळखली. ‘जलप्रदूषण पाहिजे का ध्वनिप्रदूषण?’ असं विचारून तो पेनड्राइव्हमधला प्रकल्प काढून द्यायचा: मुखपृष्ठ, ऋणनिर्देश, प्रस्तावना, चार रंगीत चित्रं, निष्कर्ष, स्पायरल बाइंडिंगसह. मी एका वर्षी तपासलेल्या गठ्ठ्यात तापी नदीच्या प्रदूषणावरचे अकरा प्रकल्प होते आणि अकरांमध्येही नदीचं नाव एका पानावर चुकून मुळा-मुठा राहिलेलं. मी पोरांवर रागावलो नाही. ज्या कामाला वेळ दिला नाही, पैसे दिले नाहीत, चावी दिली नाही, ते काम झेरॉक्सच्याच दुकानात होणार.

कलाशाखेचं दुखणं वेगळं. त्यांच्या मुलांना प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून त्यांना काहीच लागत नाही असं आपण समजतो. 2018 मध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्याच्या त्या बाईंना अक्षर येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात जे म्हणत गेल्या ते त्यांचा मुलगा सोपानदेव याने आणि घरातल्या दुसऱ्या एका मुलाने कागदावर उतरवून घेतलं. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती कविता छापून आली. घरातलं एक शिकलेलं पोर वही घेऊन आईपाशी बसलं, एवढ्यावर मराठीतली एक मोठी कवयित्री वाचली. अहिराणी, तावडी, लेवा, भिलोरी, पावरी. कानबाईची गाणी, लग्नातल्या ओव्या. हे सगळं आज ज्यांच्या तोंडी आहे त्या आज्या ऐंशीच्या घरात आहेत. मराठीच्या विद्यार्थ्याला यासाठी बंगळूरला जायचं नाही, आजोळी जायचं आहे, आणि उन्हाळा तर लग्नाचाच हंगाम. इथे सुट्टी आणि विषय एकाच जागी आहेत. लागतो एक बरा रेकॉर्डर, बसचं भाडं, आणि ‘हे संशोधनच आहे’ असं सांगणारा प्राध्यापक. तिसरी गोष्ट सगळ्यांत महाग.

शेतीवाल्यांनी मात्र हंगामाचा प्रश्न आपल्यापुरता सोडवला. धुळ्याचं कृषी महाविद्यालय 1960 चं. त्यांच्या शेवटच्या वर्षाची मुलं खरिपात गावात राहायला जातात, ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून. बीजप्रक्रिया दाखवतात, माती तपासायला घेतात, आणि स्थानिक पेपरात त्यांचा शेतकऱ्यांबरोबरचा फोटो येतो. त्या फोटोंना आम्ही हसायचो. पण पीक उभं असतानाच मुलगा शेतात हवा, हे ज्याने ठरवलं त्याला शेती कळत होती.

आता आपण आजच्या मुक्कामाला आलो. नवं शैक्षणिक धोरण 2020 चं. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि बाकीच्यांत 2024-25 पासून लागू झालं. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीच्या चौथ्या सत्रानंतर 60 ते 120 तासांची आंतरवासिता, तिला 2 ते 4 क्रेडिट. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवून चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स घेतलं, तर 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. आठशे वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की संशोधनाची ओळख निवडक पोराला नव्हे, सगळ्यांना मिळायची आहे. याला मी मोठी गोष्ट मानतो. पण त्यात पळीभर तेल कुठे लिहिलंय ते मी शोधतोय. क्रेडिट आहेत, तास आहेत, सही-शिक्क्यांचे नमुने आहेत. विद्यावेतन द्या, असं बंधन कुणावरच नाही. वर सत्रपद्धतीमुळे परीक्षा मेपर्यंत लांबतात आणि जूनमध्ये पुढचं सत्र उभं, म्हणजे ज्या सुट्टीवर ही सगळी इमारत बांधली ती सुट्टीच आक्रसत चालली आहे.

याचा परिणाम जळगाव-धुळ्यात कसा होईल ते सांगायला ज्योतिषी चांगदेव नको. ज्याचा मामा पुण्यात आहे तो पुण्याच्या प्रयोगशाळेत जाईल. ज्याचा कुणी नाही तो गावातल्या मेडिकल दुकानातून किंवा सीएच्या ऑफिसातून 60 तासांचं प्रमाणपत्र आणील. झेरॉक्सवाल्याने नमुने तयार ठेवले असतीलच. सक्ती करायची आणि शिधा द्यायचा नाही, याचं फळ आपण पर्यावरणाच्या प्रकल्पात एकदा पाहिलं आहे.

म्हणून सरकारकडे मागण्याआधी मी खानदेशी माणसाकडे मागतो. जळगावचा सराफ, जामनेरचा जिनिंगवाला, रावेरचा केळीचा व्यापारी. आणि पुणे-ठाणे-बंगळुरात स्थिरावलेली आपली सगळी मंडळी. तुमच्या गावच्या कॉलेजात फोन करा आणि विचारा, या वर्षी कुणाची निवड झाली आहे आणि कोण जाणार नाही. त्याला आगाऊ पैसे द्या, पावती नंतर बघा. शहरात घर असेल तर मे-जूनचे साठ दिवस एक गादी आणि दोन वेळचं जेवण द्या. सात घरांनी मिळून वार लावले तरी चालेल. फक्त आता जात विचारू नका.

त्या शिंदखेड्याच्या मुलाचं काम पुरं झालं. चाळीसपैकी एकोणचाळीस बाटल्या मोजून झाल्या. चाळिसावी, ‘नाल्याकाठची, जुनी’, त्याच्याकडून फुटली. ती परत भरायला तो गावी गेला तेव्हा विहीर आटली होती. तो आकडा त्याने अहवालात रिकामा ठेवला आणि खाली कारण लिहिलं.